कुंडीतला फणस

रविवार, सकाळचे दहा. सोसायटीच्या अंगणात हजर: चेअरमन देसाई, पहिल्या मजल्यावरचे वर्देकाका, त्यांच्या शेजारच्या सुलभाताई आणि सेक्रेटरी म्हणून मी.

विषय एकच होता. आमच्या इमारतीखालची जमीन सरकारची, भाडेपट्ट्यावर घेतलेली. पट्ट्याची मुदत संपत आली होती आणि घर राहतं की जातं, या धाकात आम्ही दोन वर्षं काढली. परवा पट्टा आणखी तीस वर्षांसाठी वाढवून मिळाला. मी हे जाहीर केलं आणि सुलभाताईंनी चक्क शिट्टी मारली!

पेढे वाटले जात असताना वर्देकाका घरात गेले आणि गॅलरीतली एक कुंडी पोटाशी धरून आले. कुंडीत फणसाचं हातभर रोप होतं.

"काका, याला फणस धरणार कधी आणि तुम्ही खाणार कधी?" सुलभाताईंनी विचारलं.

"तू खा की! आता तीस वर्षं कुठे जातेस?"

हसता हसता माझं लक्ष अंगणाकडे गेलं. तुळस, मोगरा, कोरफड, सगळं कुंड्यांत. उद्या निघा म्हटलं तर उचलून नेता येईल असं. इतकी वर्षं इथे राहून आम्ही या मातीत काहीच रुजू दिलं नव्हतं. मला एकदम वाटलं, आजच्या आज सगळं जमिनीत लावून टाकावं.

फणसाची जागा ठरली, पंपाच्या खोलीमागे. खड्डा मात्र अजून व्हायचा आहे. अख्ख्या इमारतीत कुणाकडेच कुदळ निघाली नाही.