माझी मयत आणि अक्काचा एकच टेक

मागच्या जुलैत एका मंगळवारी सकाळी आठ वाजता मी वारलो आणि साडेअकराच्या सुमारास उठून बसलो. मधल्या वेळेत जे झालं, त्यामुळे सेलूतले काही लोक अजूनही मला बघून आधी दचकतात आणि मग नमस्कार करतात.

मी शाळेत गणित शिकवतो. माझी मुलगी मुक्ता बी.ए. झाली आणि एके दिवशी जेवताना अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, मी नाट्यशास्त्राला ॲडमिशन घ्यायलेय. फॉर्मवर तुमची सही पायजे. शुक्रवारी शेवटचा दिवस हाय."

"नाट्यशास्त्र? म्हंजे ॲक्टिंग शिकायला कॉलेज?" माझा घास हातातच राहिला. "रडणं-हसणं काय शिकवायच्या गोष्टी हायत का? तुजी आई दोन्ही रोज करती. तिनं कुठं डिप्लोमा केलाय?"

"माजं नाव कशाला मधी?" स्वयंपाकघरातून आवाज आला. (त्या आवाजात रडणंही नव्हतं, हसणंही नव्हतं. मी विषय बदलला.)

"ते काई न्हाई. बी.एड.चा फॉर्म भर."

मुक्ता माझीच मुलगी. तिनं पाणी प्यायलं आणि म्हणाली, "आमी मित्रमंडळी एक छोटी फिल्म करायलोत. शूटिंग आपल्याच अंगणात हाय. एका रोलला माणूस मिळेना. तुमी करा. नीट जमला तर मी गुमान बी.एड. करते. न्हाई जमला तर सही."

"कसला रोल?"

"मयताचा."

मला हसून हसून ठसका लागला. एक शब्द बोलायचा नाही, जागचं हलायचं नाही, नुसतं पडून राहायचं! रविवारी दुपारी हा रोल मी गेली पंचवीस वर्षं विनामूल्य करत आलो होतो. शाळेत तापाचा अर्ज टाकला आणि मंगळवारी सकाळी अंगणात चटईवर आडवा झालो. नाकात कापूस, कपाळाला बुक्का, गळ्यात झेंडूचा हार.

दिग्दर्शक होता अमान. माझाच जुना विद्यार्थी. मी त्याला वर्गात इतक्या वेळा "हलू नको" म्हटलं होतं, की आता त्याला परतफेडीची संधी मिळाली होती. कॅमेरा गच्चीवर लावलेला. तिथून तो ओरडला, "सर, पोट खालीवर व्हायलंय!"

"श्वास घ्यायलोय रे!"

"घ्या की. पण दिसू देऊ नका."

"मग कुठून घेऊ?"

पहिल्या अर्ध्या तासात मला कळलं, की जिवंत माणसाला किती ठिकाणी खाजतं. दुसऱ्या अर्ध्या तासात हारातून एक मुंगी निघाली आणि कानाच्या दिशेनं फिरायला गेली. तरी मी हललो नाही. शुक्रवार जवळ आला होता!

मुक्ता आत साडी नेसत होती आणि तिची आई बारा जणांचे पोहे करत होती. तेवढ्यात शेजारच्या बापूरावांनी भिंतीवरून डोकावलं. मला पाहिलं. हार पाहिला. कापूस पाहिला. थरथरत्या आवाजात त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं, "वैनी... कवा झालं हे?"

"आठलाच आडवे झालेत," ही कढईतून नजर न काढता म्हणाली. "अजून तीन तास तरी उचलत न्हाईत. पोहे खाता का?"

बापूरावांनी पोहे खाल्ले नाहीत. त्यांनी माझा फोटो काढला आणि हात जोडलेल्या चिन्हांसकट चार ग्रुपवर टाकला.

अर्ध्या तासात अंगण भरलं. शाळेचे सगळे गुरुजी आले. हेडमास्तर माझ्या उशाशी उभे राहून हळहळले, "काल अर्जात नुसता ताप लिहिला व्हता हो. येवढा वाढला?" गच्चीवर अमानला वाटलं, मुक्तानं गर्दी जमवली; आत मुक्ताला वाटलं, अमाननं. तो खूश! आणि मी? डोळे मिटून पडलो होतो. उठावं, तर पैज हरतो. न उठावं, तर हे लोक मला जाळतात.

अकरा वाजून गेले, तेव्हा दारात जीप थांबली आणि फोटो बघून पिंगळीहून माझी मोठी बहीण आली. अक्का. तिनं दारातूनच जो हंबरडा फोडला, त्यानं झाडावरचे कावळे उडाले. धावत येऊन ती माझ्या छातीवरच पडली.

"माज्या भावा रेऽऽ! आमाला सोडून कुठं गेलास रेऽऽ!"

 खरं सांगतो, मला वाटलं, पैज गेली खड्ड्यात, हिला सांगून टाकावं. पण आमच्याकडं रडताना गेलेल्याचे गुण गायची रीत आहे आणि अक्कानं ते सुरू केले.

"किती जिद्दीचा माजा भाऊऽऽ! धाव्वीला गणितात दोनदा नापास झाला, तरी गणिताचाच मास्तर झाला रेऽऽ!"

 माझ्या शेजारी उभ्या असलेल्या विज्ञानाच्या गुरुजींना खोकल्याची उबळ आली. तो खोकला नव्हता. मी दात आवळले.

"अंधाराला भ्यायचा माजा बाळ! सातवीपस्तोर अंथरूण ओलं करायचा, अन् आता एकटा येवढ्या लांब कसा जाशील रेऽऽ!"

"चौथीपर्यंत!" मी ताडकन उठून बसलो. "अक्का, चौथीपर्यंत! सातवी कुठून काढलीस?"

पुढच्या पाच सेकंदांत अंगण रिकामं झालं. हेडमास्तर भिंतीवरून गेले. (ते दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते आणि त्यांना गुडघेदुखी आहे, असं ते म्हणायचे.) अक्का मात्र जागची हलली नाही. तिनं माझ्या नाकातला कापूस ओढून काढला आणि आधी उजव्या गालावर, मग डाव्या गालावर वाजवली. मग मला घट्ट धरून पुन्हा रडली, ती पहिल्यापेक्षा जास्त.

गोंधळ निवल्यावर मी सारवासारव सुरू केली. "मुक्ता, माजं जाऊ दे. पण अक्काचं बघ! हाय का शिक्षण? कोणत्या कॉलेजात गेली? तरी कसं काम केलं! गर्दी रडली का न्हाई?"

"आत्या, एकदम भारी," मुक्ता म्हणाली. "पण शेवटी बाबा मधीच उठले. आजून एकदा करता का? तसंच, तिथूनच."

"त्यात काय!" अक्का पदर खोचून दाराशी गेली. मी परत आडवा झालो. अमान ओरडला, "ॲक्शन!"

"माज्या भावा रे..." अक्का थांबली. मला पाहिलं. माझ्या गालावर तिचीच पाच बोटं उमटली होती. तिला फस्सकन हसू आलं. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा हसू. सहाव्या वेळी ती हसत हसत खालीच बसली. "न्हाई गं बाई, आता जमत न्हाई. ह्यो जित्ता हाय की!"

मुक्ता माझ्याजवळ येऊन बसली. "पहिल्यांदा सगळ्यांनाच रडू येतं, बाबा. तेच परत, त्याच जागी, सांगितल्यावर आणायचं, ते शिकायला चाललेय मी."

 मी चष्मा मागवला आणि चटईवर बसूनच, हारासकट, सही केली.

फिल्म पुढं परभणीतल्या एका स्पर्धेत दाखवली. माझं पोट शेवटपर्यंत खालीवर होत राहिल्यामुळं अमाननं तो प्रसंग नंतर पुन्हा घेतला होता: चटईवर सरकीचं पोतं आणि त्याच्यावर पांढरी चादर. नावं देताना मात्र त्यानं वडीलधाऱ्या माणसाचा मान म्हणून 'मयत' समोर माझंच नाव ठेवलं. परीक्षक निकाल सांगताना म्हणाले, "मृत व्यक्तीचं काम करणाऱ्या कलाकाराचा संयम वाखाणण्याजोगा आहे. इतकं सहज काम अनुभवाशिवाय जमत नाही." 'मयता'च्या कामाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पोत्याला स्टेजवर जाता येईना, म्हणून त्याच्या वतीनं मी गेलो.