डॉर्कसने बांधून ठेवलेला ताप

डॉर्कस स्केलहॉर्न आमच्या थॉर्नफ्लीटच्या शाळेत आली ती भाजीच्या गाडीतून, कोबीच्या पोत्यांवर बसून. तिचे वडील नदीकाठी बोटींसाठी दोर वळायचे. मुलीला इथे घालण्यापुरते पैसे त्यांनी कसेबसे उभे केले होते. खिडकीतून बघत ऑगस्टा म्हणाली, "फीबी, लवकर ये. आज कोबीबरोबर माणूस पण आलंय."

फीबी म्हणजे मी. मी आणि ऑगस्टा प्राइम माडीवरच्या एका खोलीत राहायचो. तिसरा पलंग रिकामा होता, तो डॉर्कसला मिळाला.

थॉर्नफ्लीट ही शाळा कशासाठी होती ते लिंकनशायरमधल्या बऱ्याच घरांना माहीत होतं, पण कुणी मोठ्याने बोलत नसे. ज्या मुलींच्या हातांत 'काहीतरी' होतं त्यांना तिथे पाठवत. मी जवळून गेले की मेणबत्तीची ज्योत माझ्याकडे झुकायची. ऑगस्टा बंद डब्यावर हात ठेवून आत काय आहे ते सांगायची, आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांच्या पाकिटांबद्दलही तिने सांगितलं म्हणून तिची रवानगी झाली होती. एलरबीबाई, आमच्या मुख्याध्यापिका, आईबापांना शब्द द्यायच्या की मुलगी चार वर्षांत सरळ होऊन घरी येईल. त्यासाठी हातमोजे असत. करड्या लोकरीचे, मनगटाशी बटण लावलेले. जेवताना, शिवताना, प्रार्थनेला, सतत. मोजे काढून काही केलेलं सापडलं की केस कापत. पुन्हा सापडलं तर वेड्यांच्या इस्पितळात पाठवत. आमच्या आधीची एक मुलगी तशी गेली होती. तिचं नाव शाळेत कुणी घेत नसे.

"तू काय केलंस?" ऑगस्टाने पहिल्याच दिवशी डॉर्कसला विचारलं.

"गाठ मारली."

"गाठ तर सगळ्याच मारतात गं."

"माझा धाकटा भाऊ सारखा रडायचा. आई दमली होती. मी सुतळीला गाठ मारली आणि त्याचं रडणं तिच्यात बांधलं." डॉर्कस हळू बोलायची, प्रत्येक शब्द तपासून. "तो गप्प झाला. पण तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी, आणि आवाज नाही. आई घाबरली. मग काही दिवसांनी गाठ सोडली. इतक्या दिवसांचं सगळं रडणं एकदम बाहेर आलं. थांबेचना. निळा पडला होता."

ऑगस्टाने तिसऱ्या पलंगावर पसरलेलं आपलं सामान उचलून घेतलं.

डॉर्कस भित्री होती असं सगळ्यांना वाटायचं. ती दारातून जाताना आधी मागे बघायची, पाव खाताना अर्धा बाजूला ठेवायची. ऑगस्टा तिला 'दोरवाली' म्हणायची, तिच्या चालण्याची नक्कल करायची, आणि दुसऱ्या कुणी तशी नक्कल केली की त्या मुलीवर तुटून पडायची. महिन्याभरात आम्हा तिघींचं एक माणूस झालं होतं म्हणा ना.

दुसऱ्या हिवाळ्यात गावात लाल ताप आला. आधी पाववाल्याच्या घरी, मग चर्चजवळच्या दोन घरांत. लहान शवपेट्या आमच्या खिडकीखालून जायच्या. गेजबाई, म्हणजे आमच्या मॅट्रन, रोज सकाळी आम्हाला रांगेत उभं करून चमच्याने जीभ दाबून घसा बघायच्या. ज्या मुलीचा घसा लाल दिसेल तिला मागच्या जुन्या धुण्याच्या खोलीत नेऊन ठेवायचं ठरलं होतं. त्या खोलीला चूल नव्हती, फरशीवर कायम पाणी. आदल्या वर्षी साध्या खोकल्यासाठी तिथे ठेवलेली एक मुलगी चादरीत गुंडाळून बाहेर काढली होती, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

एका दुपारी बंधाऱ्यावर फिरायला नेलं असताना ऑगस्टा माझ्या हाताला लटकली. दात वाजत होते तिचे. मी तिच्या गळ्याला हात लावला तर मोज्यातूनही चटका जाणवला.

"गेजबाईंना सांगू नकोस," ती म्हणाली. "फीबी, त्या खोलीत नको गं."

तिचे वडील जहाजावर, आई नाही. घरी पाठवतो म्हटलं असतं तरी घर कुठे होतं? मी डॉर्कसकडे बघितलं. डॉर्कस माझ्याकडे बघतच नव्हती, ती पुढे चाललेल्या गेजबाईंच्या पाठीकडे बघत होती. मग ती खाली वाकली, बुटात खडा गेल्यासारखं केलं, आणि उजवा मोजा काढला. घरून आलेल्या पार्सलची सुतळी तिच्या खिशात होती, तिच्या वडिलांनी स्वतः वळलेली. ती ऑगस्टाच्या मनगटाभोवती एकदा फिरवली, काढली, आणि गाठ मारली. इतकंच. ऑगस्टाचे दात वाजायचे थांबले. गालांवरची लाली उतरली.

"अगं, गेलं!" ऑगस्टा जवळजवळ ओरडलीच.

"गेलं नाही," डॉर्कस म्हणाली. "माझ्याकडे आहे."

ती सुतळी तिने पायमोज्याच्या आत घोट्याला बांधली, आणि त्या दिवसापासून आमच्या जिवाला चैन राहिली नाही.

ऑगस्टा मात्र मजेत होती. गोठलेल्या खंदकावर घसरायची, माझ्या वाटची लापशी खायची. इकडे डॉर्कस लंगडायला लागली. गाठीत ताप नुसता बसून नव्हता, तो वाढत होता. पायमोजा उतरवला की घोट्याभोवती लाल पट्टा दिसायचा. शिवणाच्या तासाला मला करपल्याचा वास यायचा आणि मी घाबरून चुलीकडे बघायचे, तर चूल विझलेली असायची.

"कधीपर्यंत?" मी तिला विचारलं.

"माहीत नाही. सुतळी झिजतेय. ती आपोआप तुटली तर सगळा ताप एका झटक्यात ऑगस्टाच्या अंगात जाईल. माझ्या भावासारखं. फक्त रडणं नसेल, ताप असेल."

"मग तूच सोड ना."

"मी सोडली तरी तेच. थोडं हळू, एवढंच."

हे ऑगस्टाला सांगितलं तेव्हा ती हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "मला बरं वाटतंय. तुम्ही दोघी मला घाबरवायला बसल्या आहात." आणि डॉर्कसला, "दोरवाली ती दोरवालीच. गाठीपलीकडे काही दिसत नाही तुला." संध्याकाळपर्यंत ती आमच्याशी बोलली नाही. चहाच्या वेळी माझ्या शेजारी येऊन बसली आणि पुटपुटली, "खरंच तुटेल का गं?"

दुसऱ्या दिवशी घसे तपासताना गेजबाईंनी डॉर्कसला विचारलं, "पाय का ओढतेस?"

"मुरगळलाय, बाई."

"दाखव."

डॉर्कसने दुसरा पाय पुढे केला. गेजबाईंनी तो दाबून बघितला, हं म्हणाल्या आणि पुढच्या मुलीकडे वळल्या.

उपाय सुचला तो डॉर्कसलाच, पण माझ्या एका वेड्या प्रश्नामुळे. "थोडा थोडा नाही का सोडता येणार?" मी विचारलं. ती म्हणाली, "दोर एक नसतो. पदर असतात. बाबा जुना दोर उसवतात तेव्हा एकेक पदर वेगळा निघतो." ती माझ्याकडे बघायला लागली. "प्रत्येक पदर वेगळ्या हातात दिला तर? एकेकीला थोडा थोडा ताप येईल. नुसता थोडा."

"कुणाच्या हातात?"

"जेवढे हात मिळतील तेवढ्यांत."

म्हणजे वर्गातल्या सगळ्या मुलींना सांगायचं. त्यांत थिओडोरा ब्लेझ होती. थिओडोरा गेजबाईंच्या खोलीत रोज चहा प्यायला जायची, आणि तिथे काय बोलायची ते आम्हाला पक्कं ठाऊक होतं. पण तिला वगळून काही करणं अशक्य होतं, ती वर्गातच बसायची. आणि शिवाय, डॉर्कस म्हणाली, जितक्या जास्त तितकं प्रत्येकीच्या वाट्याला कमी.

शुक्रवारी शिवणाच्या तासाला गेजबाई धोब्याला द्यायचे कपडे मोजायला खाली गेल्या. डॉर्कस उठून उभी राहिली. आधी कधी वर्गात उभी राहून ती बोलली नव्हती. आवाज फुटला तिचा. ऑगस्टाला काय झालंय, गाठ कुठे आहे, सगळं सांगितलं तिने. पायमोजा खाली केला. सुतळी काळी पडली होती आणि एका जागी झिजून दोनच धाग्यांवर तगून होती.

कुणी हललं नाही. एकीने रडायला सुरुवात केली. "माझी बहीण याच तापाने गेली," ती म्हणाली, "मी नाही हात लावणार."

थिओडोरा उठली. दाराकडे गेली. झालं, आता संपलं, असं मला वाटलं. डॉर्कस तर पांढरीफटक पडली. थिओडोराने दाराची कडी आतून लावली. परत येऊन मोज्यांची बटणं काढायला लागली.

"बघत काय बसलात?" ती म्हणाली. "मोज्यांतून कसं जमणार ते?"

मग बाकीच्यांनी काढले. महिनोन्‌महिने उजेड न पाहिलेले आमचे पांढरट, सुरकुतलेले हात पुढे आले. डॉर्कसने सुतळी उसवली, एकेक पदर एकेकीच्या बोटांत दिला. ऑगस्टा म्हणाली, "मला दोन दे. माझाच आहे तो."

"नको," डॉर्कस म्हणाली.

"दे म्हणते ना."

तिने दिले. मग गाठ सोडली. रडणारी ती मुलगीही ऐनवेळी धावत आली आणि माझ्या हातातला धागा माझ्याबरोबर धरून उभी राहिली. एक गरम वारा मनगटातून खांद्यापर्यंत चढला. गाठ बांधणाऱ्याच्या वाट्याला पदर येत नाही. डॉर्कस रिकाम्या हातांनी मध्ये उभी होती, आणि आमच्यापैकी सगळ्यांत जास्त भीती त्या क्षणी तिच्याच तोंडावर होती.

दुसऱ्या सकाळी आख्खा वर्ग तापला. गेजबाई चमचा हातात धरून रांगेपुढे उभ्याच राहिल्या. एवढ्या मुली धुण्याच्या खोलीत मावणार कशा? शेवटी एलरबीबाईंनी झोपण्याच्या मोठ्या दालनात चूल पेटवायला सांगितली, गावातून डॉक्टर बोलावला. डॉक्टर म्हणाला, इतका सौम्य लाल ताप त्याने आयुष्यात पाहिला नाही. आम्ही अंगावर पुरळ घेऊन पडून होतो, मटणाचं सूप पीत होतो. फक्त ऑगस्टाचा ताप चढत गेला. दोन दिवस ती कुणाला ओळखत नव्हती. डॉर्कस तिच्या उशाशी बसून असायची, हात मांड्यांखाली दाबून धरलेले. पुन्हा गाठ मारावीशी वाटू नये म्हणून, असं तिने मला नंतर सांगितलं.

ऑगस्टा वाचली. डावा कान मात्र गेला.

आणि सगळा वर्ग आजारी असताना एकटी डॉर्कस धडधाकट, हे गेजबाईंच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. तिचे केस कापले. दुसऱ्या खेपेची वाट न बघताच एलरबीबाईंनी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं आणि इस्पितळाचा पत्ता लिहून हातात दिला. आम्ही जिन्यात उभ्या राहून ऐकत होतो. स्केलहॉर्न बुटका माणूस, टोपी हातात चुरगळत होता. त्याने कागद वाचला, परत टेबलावर ठेवला.

"माझ्याकडे दोर वळायला माणूस कमी आहे, बाई," तो म्हणाला. "पोरगी घरी नेतो."

डॉर्कसने पुढे वडिलांचा दोरांचा कारखाना चालवला. लग्न केलं नाही. कोळ्यांच्या बायका तिच्याकडे यायच्या, वादळ बांधून दे म्हणायच्या, कुणी नवऱ्याची दारू बांध म्हणायची. ती विचारायची, "सोडवायला माणसं किती आहेत तुझ्याकडे?" बहुतेक बायका तिथूनच परत जायच्या. एकदा मात्र एका गल्लीतली सगळी बायामाणसं एका बाळाच्या डांग्या खोकल्यासाठी आली होती, तेव्हा तिने मोजे नसलेले हात पुढे केले. महिनाभर आख्खी गल्ली खोकत होती, म्हणे.

गेल्या वर्षी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. लिंकनच्या इस्पितळात शस्त्रक्रिया ठरली. मी आणि ऑगस्टा बाहेरच्या बाकावर बसलो होतो. ऑगस्टा आता यॉर्कमध्ये मुलांना शिकवते. तिच्या उजव्या बाजूला बसावं लागतं, नाहीतर ती आपलंच बोलत राहते.

"उशीर का लागतोय?" ती ओरडली. नर्सने वळून बघितलं.

"हळू बोल गं."

"मी हळूच बोलतेय. फीबी, डोळा म्हणजे किती नाजूक असतो. हात हलला डॉक्टरचा तर?"

मी तिचा हात माझ्या मांडीवर ओढून घेतला. दार उघडलं तेव्हा आम्ही दोघी एकदम उठलो. चाकांच्या पलंगावर डॉर्कस होती, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, हनुवटी वर.

"डॉर्कस?" मी म्हटलं.

"तुम्ही दोघी आहात का?" ती म्हणाली. "मग कुणीतरी चहा आणा. आणि ऑगस्टाला सांगा, आतपर्यंत ऐकू येत होतं."

"काय म्हणाली?" ऑगस्टाने विचारलं.