चाकूसाठी दिलेलं महाळुंग

परसात महाळुंगाचं झाड असलं की त्याखाली फळांपेक्षा किस्सेच जास्त पडतात. दिग्रसजवळ आमच्या गावात माझ्याकडे तसं झाड आहे.

डॅनियलभाऊ कोकणातले ज्यू, घरात मराठीच बोलतात. परदेशातल्या त्यांच्या म्हाताऱ्या मावशीला मांडवाच्या सणात हाती धरायला आपल्या मातीतलं महाळुंग हवं होतं. डाग नको, चीर नको. भाऊंनी आल्या आल्या विचारलं, "कलमी नाही ना? कलमाचं सणाला चालत नाही."

"सासूनं बी लावलं. तिले घरात बाहेरचं काहीच चालत नव्हतं. मीबी नाही."

*

त्या देशाचे नियम भाऊंनी वाचून दाखवले. माती नको, पान नको, कीड नको. सण झाला की फळ जाळायला परत द्यायचं, बी पेरायचं नाही.

माझ्या शेतावरची शेवंता म्हणाली, "एका फळाले इतकं भेतेत?"

"बोंडअळीले आपण असे भेलो असतो तर?"

*

निवडायला मी चार फळं तोडली. देवाच्या कामाला चाललीत म्हणून शेवंतानं त्यांना हळदकुंकू लावलं. भाऊ पुसत बसले.

"कुंकू नाही चालत, असा कोणता देव हाय तुमचा?"

"देवाला चालेल हो. तपासणीवाल्याला नाही चालणार."

*

नागपूरला तपासणीच्या साहेबानं भिंगातून एकेका फळाचा कण न् कण पाहिला. मी सोबत गेलते. म्हटलं, "फळ पाहून राह्यले का सोयरीक?"

"सोयरिकीत इतकं पाहत नाही, आजी."

तोच म्हणाला, तिकडचे कापून पाहतील. कापलं की सणातून बाद. म्हणून चारातली दोन फळं दिली. बिनडागी सणाला, डागाचं चाकूला.

*

पुढचं भाऊंनी परत आल्यावर सांगितलं. तिथल्या विमानतळावर अधिकारी म्हणाला, एक कापणार, आणि कोणतं ते मी ठरवणार. त्यानं बिनडागी उचललं. आत एकही अळी नव्हती.

मावशी डागाचं फळ घेऊन प्रार्थनाघरात गेली. धर्मगुरूनं चष्मा वर केला. "डाग आहे."

"तुमच्या दाढीत पांढरे केस आहेत," मावशी म्हणाली. "तुम्हाला कोणी बाहेर उभं केलं का?"

धर्मगुरूनं फळ हातात घेतलं, हुंगलं, परत हुंगलं. मग डागाची बाजू खाली करून ते मावशीच्या तळहातावर ठेवलं, आणि तिची बोटं वरून मिटवली.