सुकेशनीनं सोडलेला पंजा

परभणीतल्या एका पोलीस भरती अकॅडमीच्या मेसमध्ये सुकेशनी स्वयंपाक करायची. वय चाळिशीला टेकलेलं, खांद्यानं रुंद, बोलायला कमी. मुली पहाटे ग्राउंडवर पळायला निघायच्या तेव्हा हिनं पीठ मळायला परात खाली उतरवलेली असायची. दुपारची भांडी उरकली की ती घरी जायची, ते आराम करायला नाही. सासू सरजाबाई मोरीत घसरून पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं, तेव्हापासून ती खाटेवरच. तिला उचलून बसवायचं, कुशीवर वळवायचं, पुसून काढायचं, की पुन्हा मेसवर संध्याकाळच्या भाकरी. नवरा सुगत सेलूला जिनिंगवर कामाला, तिकडंच राहायचा, सुट्टी मिळाली की यायचा. सुकेशनी झोपेतून उठायची तीच दमलेली.

मुलींमध्ये पोखर्णीची सविता म्हणून एक होती. उंच, हाडापेरानं मजबूत, जिद्दीची. भरतीत गोळाफेक असते म्हणून तिनं हाताची ताकद वाढवायचा ध्यास घेतला होता. स्प्रिंगचा एक ग्रिपर कायम मुठीत. अभ्यास करताना दाबायची, जेवणाच्या रांगेत दाबायची, आईशी फोनवर बोलतानाही त्याचा कुरकुर आवाज चालूच. जेवणं झाली की मेसच्या टेबलावर पंजा लढवायची आणि एकेकीला लोळवायची.

एकदा टेबल पुसायला सुकेशनी फडकं घेऊन उभी होती. सविता काही हात उचलेना.

"मावशी, या की एक डाव. मंग उठते."

"मला कुठं येतंय ते? ऊठ बाई, मला घरी जायचंय."

"एकच!"

वाद घालण्यापेक्षा बसलेलं बरं म्हणून सुकेशनी बसली. सवितानं तिची बोटं अशी आवळली की नखं पांढरी पडली. सुकेशनीला कळ आली. पण तिनं मनगट तेवढं आत वळवून घेतलं, भाताचं पातेलं ओणवं करून पेज काढताना घेतो तसं, आणि हात अंगाजवळ ओढला. सविताचं मनगट मागं कलंडलं, बोटं उघडली, हात टेबलाला लागला. मुली ओरडल्या. सुकेशनीनं टेबल पुसलं आणि ती चप्पल घालून निघून गेली.

सविताला मात्र त्या दिवशी जेवण पचलं नसावं. दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"मावशी, पकड तर माझी तुमच्यापरीस घट्ट हाय. मंग मी कशी हरले?"

"मला काय ठाव? तू जोर करायलीस, म्या बी केला."

मग सवितानंच मोबाइलवर पंजा लढवण्याचे व्हिडिओ काढले. ते बघून, पुन्हा पुन्हा बसून, दोघींनी मिळून हळूहळू उलगडा केला. मूठ कितीही आवळा, समोरचा मुठीशी झुंजतच नाही. तो मनगटाशी झुंजतो. तो आपला हात तुमच्या बोटांकडं सरकवत नेतो, तुम्हाला स्वतःकडं ओढतो, आणि मनगट एकदा मागं वाकलं की बोटांची ताकद नुसती जागच्या जागी बसून राहते. ग्रिपर अगदीच वाया जातो असं नाही. बोटं उघडू नयेत म्हणून त्याचा उपयोग होतो. पण आधी मनगट. सवितानं बादलीत वाळू भरली, कडीला ओला टॉवेल गुंडाळला आणि मनगट आत वळवून ती बादली उचलायला लागली. ग्रिपर राहिला उशाशी.

त्याच व्हिडिओंमध्ये एक निराळा होता. एका जवान पोरानं हरताना अंग दुसरीकडं फिरवलं, खांदा हाताच्या पुढं काढला, आणि त्याचा दंड मधोमध मोडला. आवाजसुद्धा आला. मुली किंचाळल्या आणि पुन्हा लावून बघायला लागल्या. सुकेशनीनं तो फोन घेतला आणि टेबलावर पालथा घातला. मोरीतून आलेला तसलाच आवाज तिनं ऐकलेला होता.

अकॅडमीच्या सूर्यभान सरांनी जिल्ह्याच्या पंजा स्पर्धेत मुलींची नावं दिली, तेव्हा सुकेशनीचंही दिलं. "मावशी, अकॅडमीचं नाव होईल," म्हणाले. ती नको म्हणत होती. पण नको म्हणायलासुद्धा दम लागतो, आणि तिच्यात तो उरलेला नसायचा. रविवारी शेजारणीला सरजाबाईजवळ बसवून ती मुलींबरोबर गेली.

एका शाळेच्या पटांगणात मंडप होता. टेबलावर कोपर टेकायला गादीचे दोन तुकडे, दुसऱ्या हातानं धरायला दोन खुंट्या. पंचानं नियम सांगितले. कोपर गादीवरून उठलं तर फाउल. मुद्दाम हात सोडला तर फाउल. दोन फाउल झाले की डाव गेला.

सुकेशनी एकेक डाव जिंकत गेली, पण मजा अशी तिला आली नाही. दोन डावांच्या मधे ती खुर्चीत बसून डोळे मिटायची, कुणीतरी हलवलं की उठायची. जिंतूरकडची एक बाई तिच्यासमोर दात-ओठ खात होती, तेव्हा हिच्या मनात सरजाबाईची गोळी चालली होती. दुपार कलली तोवर शेवटच्या डावाला दोघीच उरल्या, ती आणि सविता.

सविताच्या डोळ्यांत पाणी तरारलेलं होतं, ताणानं. महिन्याभरात तिची भरतीची मैदानी चाचणी होती.

पंचानं "गो" म्हटलं. सविता आता पहिल्यासारखी राहिली नव्हती. मनगट तिचं लोखंडासारखं टिकलं. दोघींचे हात मधोमध थरथरत राहिले. मग सुकेशनीनं अंगाचा भार घातला, तसा सविताचा हात थोडा थोडा खाली जायला लागला. आणि सवितानं घाबऱ्याघाबऱ्या अंग फिरवलं. तोंड दुसरीकडं, खांदा हाताच्या पुढं. सुकेशनीच्या तळहाताला ते आधी कळलं: समोरचा जोर सरळ येईना, पिळल्यासारखा यायला लागला. अजून थोडं दाबलं असतं तर डाव संपला असता.

सुकेशनीनं बोटं उघडली. हात सुटले.

"फाउल!" पंचानं तिच्याकडं बोट दाखवलं.

"सविता, त्वांड हाताकडं ठिव," ती हळूच म्हणाली.

"बोलायचं न्हाई!" पंच म्हणाला. त्यानं दोघींचे हात पट्ट्यानं एकत्र बांधले. आता सोडायचं म्हटलं तरी हात सुटणार नव्हता.

पुन्हा "गो". पुन्हा तेच. हात खाली जायला लागला, आणि सविता पुन्हा वळली, पहिल्यापेक्षा जास्त. सुकेशनीनं पंचाकडं पाहिलं. तो पलीकडून वाकून कोपरं बघत होता, सविताचा वळलेला खांदा त्याला दिसत नव्हता. तिनं स्वतःचं कोपर गादीवरून उचललं, चांगलं दिसेल असं. शिट्टी वाजली. दुसरा फाउल. सविता जिंकली.

मुलींनी सविताला उचललं. सूर्यभान सर सुकेशनीजवळ येऊन म्हणाले, "काय हे मावशी, हातातला डाव घालवलात." ती म्हणाली, "दमले सर." खोटं नव्हतं ते.

परतीच्या ऑटोत सविता ट्रॉफी मांडीवर घेऊन बसली होती. बाकीच्या मुली उतरल्यावर तिनं विचारलं, "मुद्दाम सोडलं ना तुमी?"

"घसरला हात."

"दोनदा? मला लहान पोरगी समजून सोडलं. कामून केलं असं? मला न्हाई पाहिजे अशी दया." तिनं ट्रॉफी सुकेशनीच्या मांडीवर आदळली.

सुकेशनीला उत्तर सुचत होतं, पण ते लांब होतं आणि घर जवळ आलं होतं. ट्रॉफी सीटवर ठेवून ती उतरली.

चार-सहा दिवस सविता ताट घ्यायला आली की मान वर करत नव्हती. सुकेशनीलाही त्याचं फार लागलं नाही. लागायला जागा कुठं होती? मग एका दुपारी मेस रिकामी असताना सविताच आली. आपल्याच डावाचा कुणीतरी काढलेला व्हिडिओ तिच्या फोनवर होता.

"मावशी, म्या हे बघितलं. मी त्या पोरासारखीच वळले होते."

"व्हय."

"मला कळलंच न्हाई."

"तवा कळत न्हाई. ये, बस."

सुकेशनीनं तिचा हात धरला, जोर न लावता. "हात जिकडं चाललाय तिकडं त्वांड फिरव. खांदा हाताच्या मागंच ऱ्हाऊ दे. हात चाललाय खाली, तर जाऊ दे. हरलीस तर हरलीस." सवितानं दोन-तीनदा करून पाहिलं. मग तिचं कपाळ टेबलावर टेकलं आणि ती रडायला लागली. सुकेशनी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. तिलाही रडायला हरकत नव्हती, पण भाकरीचं पीठ अजून चाळायचं होतं.

भरतीत सविताचा गोळा लांब गेला, मैदानी चाचणीत ती पास झाली. लेखी परीक्षेत मात्र थोडक्यात राहिलं. ती सामान बांधून पोखर्णीला निघाली तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "पुढच्या साली परत येते मावशी."

"ये. जेवण करून जा."

सवितानं उभ्या-उभ्याच पिठलं-भाकर खाल्ली आणि ती गेली.

पुढच्या स्पर्धेला नाव देऊ का म्हणून सरांनी विचारलं. सुकेशनीचं कोपर त्या शेवटच्या डावापासून दुखत होतं, फडकं पिळताना कळ यायची. या वेळी तिनं न्हाई म्हणून सांगितलं. एवढं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. स्पर्धेच्या रविवारी दुपारी घरी भिंतीला टेकून तिचा डोळा लागला, आणि कुणी हलवलं नाही.