भाताचा हंगाम आणि गोऱ्यांचा सीझन

धामणकर नाक्यावर ठाण्याची एसटी लागली तेव्हा माझी आय खिडकीचा गज धरून उभी होती. लग्नाला जेमतेम महिना झालेला. आमच्या ह्यांना गोव्यात, कळंगुटच्या एका नव्या हॉटेलात वायरमनची नोकरी लागली होती, म्हणून आम्ही बिऱ्हाड घेऊन निघालो होतो. ठाण्याहून मुंबई, आणि तिथून बोटीने पणजी. सगळे म्हणत होते, मजा आहे बाबा पोरीची, समुद्राची हवा खाणार. आय एवढंच म्हणाली, "भात झोडून झालं का येन मी. तवाच काय ती सवड." गाडी सुटली आणि कशेळीच्या खाडीपर्यंत मी रडत होते. ती हवा आपल्याला काय भावाने पडणार आहे, हे तेव्हा कुठे माहीत होतं.

भिवंडीत राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं चंबूगबाळं उचलून कुठे कुठे गेलेल्यांनो, एकदा नीट सांगते. लोक जिथे चार दिवस मजा करायला येतात, तिथे बारा महिने राहून बघा. कशाचाही भाव विचारा, उत्तर एकच, सीझन. दारात समुद्र, पण पापलेट सकाळीच हॉटेलात जायचं आणि कोळीण माझ्यापुढे कालचे बांगडे टाकायची, तेही माझ्यावर उपकार केल्यासारखे. माडांच्या गावात नारळ महाग. भाजी बेळगावाहून यायची, तिच्याकडे नुसतं बघायचं. आमचे हे ज्या खोल्यांचे दिवे दुरुस्त करायचे, तिथल्या एका रात्रीच्या भाड्यात आमच्या वाण्याची महिन्याची उधारी फिटली असती. आपल्याकडे यंत्रमागावर माणूस शिफ्टवर जगतो, बारा तास झाले की सुटतो तरी. सीझनमधून सुटका नाही.

आणि खरा वैताग पुढेच आहे. आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या रोझालिनबाईकडे. नवरा बोटीवर खलाशी, घरात ती आणि दोन शाळकरी मुली. बाई वाईट नव्हती. पहिल्या पावसाळ्यात मी त्या खोल्या घासून काढल्या, भिंतींना चुना दिला, जमीन शेणाने सारवली. दिवाळी झाली आणि ती दारात येऊन उभी. "सीझन सुरू जाता, बाय. फुडल्यो कुडी खाली कर." म्हणजे पुढच्या खोल्या रिकाम्या करा, गोरे येणार. होळी होईपर्यंत आम्ही मागच्या कोठारात राहायचं. तिथे नारळ, जुनी जाळी आणि उंदीर. भाडं थोडं कमी, पण होतंच. मी भांडायला गेले, तर म्हणाली, ह्या चार महिन्यांवर माझ्या मुली शिकतात. मी चरफडत चूल उचलली. मी चुना दिलेल्या खोलीत एक गोरी बाई आणि तिचा दाढीवाला सोबती राहायला आले. दिवसभर अंगाला तेल लावून पडायचे. माझ्या सारवलेल्या जमिनीवर चपला घालून फिरताना त्यांना बघितलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आता आयचं बघा. चैत्रात राब भाजायचा, मग पेरणी, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी. तिला सवड मिळणार पौष-माघात. आणि नेमकं पौष-माघात माझ्याकडे घरच नाही. पावसाळ्यात माझ्याकडे दोन ऐसपैस खोल्या, पण तेव्हा आय गुडघाभर चिखलात. मी दरवर्षी कळवायची की आत्ता नको, आत्ता आम्हाला मागे काढलंय. वळमध्ये, आमच्या गावात, कुणाला ते पटायचं नाही. भाडं देणाऱ्या माणसाला चार महिने मागे काढतात, ही रीतच कुणी ऐकलेली नव्हती. दादाच्या बायकोने तर गावभर केलं की वन्संना आता गावच्या माणसांची लाज वाटते. ते माझ्या कानावर आलं तेव्हा मी दोन दिवस धड जेवले नाही. मला दुसरं काही नको होतं. आयने एकदा यावं, माझ्या खोलीत टेकावं, पोरीचं बरं चाललंय एवढं डोळ्यांनी बघावं.

तिसऱ्या वर्षी ती न कळवता आली, दादाला घेऊन, ऐन सीझनमध्ये. दादाने पत्ता दाखवून पुढचं दार गाठलं. मी मागे मासे साफ करत होते, आवाज ऐकून धावले. बघते तर आय ओट्यावर बसलेली आणि त्या सीझनच्या गोऱ्या बाईला आपल्या भिवंडीच्या हिंदीत सांगते आहे, "ए बाई, चप्पल भायेर निकाल. घर हाय ना ये." गोरीने हसून चपला काढल्या. तीन वर्षांत मला जे जमलं नाही ते आयने आल्या आल्या केलं.

मग मी तिला कोठारात नेलं. वाटलं, आता ही रडेल. तर ती खूश. नारळाच्या ढिगाशेजारी बसून हळूच विचारते, "भाडा बरा देते का गं गोरी?"

आधी मला कळेचना. मग लख्ख कळलं. आमच्या वळच्या घरात दादाने पुढच्या दोन्ही खोल्या एका लूमवाल्याला माग टाकायला भाड्याने दिलेल्या, आणि घरची सगळी मागच्या पडवीत. भिवंडीत तेव्हा घरोघरी तेच चाललेलं. मी म्हटलं, "आय, मालकीण ती रोझालिन. आम्ही भाडेकरू." तर मलाच वेड्यात काढलं. "भाडेकरूला कोन मागं घालतं? मागं तर मालक ऱ्हातो."

दोन दिवस ती त्याच तोऱ्यात होती. विहिरीवर, शेजारी, सगळीकडे लेकीच्या घराचं कौतुक. मी सांगून थकले आणि माझं डोकं उठलं. तिसऱ्या दिवशी रोझालिन भाडं मागायला आली. मी डब्यातून पैसे काढून तिच्या हातात ठेवले. आय बघत होती.

"मागं राहून पन तूच देतंस?" एवढंच विचारलं. मग सूप ओढून तांदूळ निवडायला बसली. मी वाट बघत होते, ही आता म्हणेल, चल माझ्याबरोबर. शेवटी मान वर न करता म्हणाली, "घरी चल म्हनलं असतं पोरी. पन तिकडं पन मागंच झोपाया लागंल."

मला खूप राग आला. रोझालिनचा, गोऱ्यांचा, दादाचा, आयचासुद्धा. कोठारातून निघून वळच्या पडवीत जायचं, एवढीच मला जगात जागा होती. दुसऱ्या दिवशी ते दोघे गेले. निरोप देताना मी धड बोललेसुद्धा नाही.

पण त्याच वर्षी आषाढात, ऐन लावणीच्या दिवसांत, आय पुन्हा आली. पावसाळ्यात बोट बंद, म्हणून एसटीने, एकटी, अख्खा दिवस आणि रात्र बसून. पुढच्या दाराने आत आली. पाय धुऊन आली ती सरळ पुढच्या खोलीत आडवी झाली. जन्मात तिने लावणी सोडली नव्हती. माझ्या बाळंतपणाला, म्हणजे मी झाले तेव्हासुद्धा, बाराव्या दिवशी ती शेतात होती, असं सगळे सांगतात. तिचं मन काही इथे लागत नव्हतं. सारखी उठून दारात जायची, पाऊस बघायची, "रोपं वर गेली आसतील," म्हणायची आणि परत येऊन पडायची. मी विचारलं, "मग आलीस कशाला?" तर म्हणाली, "तू पुढं आसतंस तवा यावं म्हनलं."

ती दोन रात्री राहिली. त्या वर्षी आमची लावणी रेंगाळली, भात कमी आलं, आणि दादाने ते मला पुढे कितीदा तरी बोलून दाखवलं. मी एकदाही उलटून बोलले नाही. यंदाही दिवाळी झाली की माझी चूल मागे जाणार आहे, मी पुन्हा चरफडणार आहे. पण तुझं घर कुठे, असं कुणी विचारलं की मला वळ आठवत नाही आणि कळंगुटही आठवत नाही. त्या वर्षीचं ते कमी आलेलं भात आठवतं.