एका देवाचा झोका

मुलांनो, तुमच्याकडे बागेतले झोके लोखंडाचे असतात आणि मुलं रांगेत उभी राहून आपली पाळी येण्याची वाट पाहतात, असं तुमच्या आईने फोनवर सांगितलं. आमच्या खानदेशात झोका झाडाला बांधत आणि त्यावर बसायला गाणं लागे. गाण्याशिवाय झोका म्हणजे नुसतं लोंबकळणं. हे आधी ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

आता क्रमाने सांगते.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. माझे वडील धुळ्याजवळच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेचे मास्तर होते आणि रविवारची उपासनाही तेच चालवत. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच, आणि झोक्याजोगा निंबही एकच, तोही नेमका आमच्या अंगणात. त्याची एक फांदी इतकी आडवी आणि जाड होती की बायका म्हणत, देवाने ती झोक्यासाठीच काढली. कोणत्या देवाने, हे तोवर कोणी विचारलं नव्हतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासरी दिलेल्या मुली माहेरी येतात. आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या होतात, आणि मुली झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणतात. तर दरवर्षी आमच्या निंबाला झोका बांधला जाई आणि गौराईची गाणी आमच्या अंगणात होत. वडील तेवढा वेळ घरात बसून मोठ्याने बायबल वाचत. दोन्ही आवाज एकमेकांना सांभाळून घेत असत.

त्या वर्षी मात्र कोणीतरी धुळ्याच्या चर्चमधल्या पाळकसाहेबांच्या कानावर घातलं की मास्तरांच्या अंगणात देवीची गाणी चालतात. पाळकसाहेबांनी निरोप पाठवला, आखाजीच्या दिवशीच येतो. वडील निरोपाला भ्याले नाहीत. पण एकाच देवाची उपासना करायची, ही पहिली आज्ञा ते आम्हाला रोज शिकवत होते, आणि आपल्याच अंगणात आपण कानाडोळा करतो आहोत, हे त्यांना टोचलं. त्यांनी जाहीर केलं, “यंदा झोका नाही.”

यात कोणाचं सर्वांत जास्त नुकसान होणार होतं, ते सांगते. शेजारची एक मुलगी माझ्याहून थोडी मोठी, माझी जिवाची मैत्रीण. तिला आदल्या वर्षी जळगावजवळ नशिराबादकडे दिली होती. तिच्या सासऱ्यांना दोन बायका होत्या, म्हणून तिला सासवा दोन. एक म्हणे चूल पेटव, दुसरी म्हणे विझव. एक म्हणे भाकरी जाड कर, दुसरी म्हणे पातळ. वर्षभर तिने दोघींचं ऐकलं आणि आखाजीपुरती सुटका मिळवली. गाडीतून उतरली ती घरी न जाता सरळ निंबाखाली आली. वर पाहिलं, फांदी मोकळी.

“दोर कथा शे?” दोर कुठे आहे, असं तिने विचारलं.

मी सांगितलं. ती गाठोड्यासकट तिथेच बसली.

“वरीसभर मन्हा जीव याच फांदीवर व्हता,” एवढंच म्हणाली आणि रडली.

तिची आजी, जिला सारं गाव अक्का म्हणे, खांद्यावर दोर टाकून आमच्या दारात आली. मागे पंधरा-वीस बायका.

“मास्तर, झाड तुमनं शे, पन झोका आमना शे.”

“अक्का, राग मानू नका,” वडील म्हणाले. “माझ्या अंगणात एका देवाशिवाय दुसऱ्याचं नाव निघणार नाही.”

“मंग त्यानंच नाव काढा. आमले झोका पाहिजे.”

वडील वादात हरणारे नव्हते. बाजाराच्या दिवशी चावडीपुढे उभं राहून त्यांनी भल्याभल्यांना उत्तरं दिली होती. पण समोरचा माणूस लगेच कबूल झाला तर काय बोलायचं, याची त्यांना सवय नव्हती. ते आत जाऊन हार्मोनियम घेऊन आले. दोर वर चढला. मैत्रीण डोळे पुसून झोक्यावर बसली.

वडिलांनी आमच्या उपासनेतलं एक गीत शिकवायला घेतलं. गीत चांगलं होतं, पण चाल विलायती. एकेक अक्षर लांबवत नेत, मग श्वास घेत. झोका पुढे जाई तेव्हा गीत मागे असे. अर्धी ओळ संपेपर्यंत झोका जवळजवळ थांबे, आणि मैत्रीण वरून बिचारी पायांनी जमीन चाचपे.

“हाई गानं शे का झोपनं औषध?” अक्काने विचारलं.

एकच गोष्ट बायकांना आवडली, ती शेवटचं ‘आमेन’. त्यावर सगळ्यांनी मिळून असा धक्का दिला की झोका फांदीच्या वर गेला. मग त्या मधलं गीत सोडून नुसतं ‘आमेन’च म्हणू लागल्या. दर धक्क्याला एक आमेन. वडिलांनी हार्मोनियम बंद करून डोक्याला हात लावला.

“अहो, आधी प्रार्थना, मग आमेन!”

“प्रार्थना तुम्ही करा, मास्तर. आमेन आम्ही म्हनतस.”

इतक्यात आई बाहेर आली. हात आंब्याच्या रसाने कोपरापर्यंत पिवळे. माझी आई याच भागातल्या शेतकऱ्याच्या घरची. आजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा ती लहान मुलगी होती आणि तेव्हापासून झोक्यावरचं गाणं तिने कधी म्हटलं नव्हतं. निदान मी तरी ऐकलं नव्हतं. ती निंबाखाली उभी राहिली, झोक्याची एक फेरी नुसती पाहिली आणि दुसऱ्या फेरीला सुरू केलं:

“एकच देव बठ्ठासना व माय, एकच देव बठ्ठासना,
त्यानीच करं आभाय व माय, त्यानीच करा निंब!”

देव सगळ्यांचा एकच, त्यानेच आभाळ केलं आणि त्यानेच हा निंब. शब्द तिने तिथल्या तिथे जुळवले होते. चाल मात्र आखाजीचीच. झोका सपकन वर गेला. वडील मान तिरपी करून ऐकत होते. एखादं भलतं नाव येतं का, याची वाट पाहत होते. एकही आलं नाही. तिसऱ्या फेरीला त्यांचा पाय ठेका धरू लागला, तो त्यांनी दुसऱ्या पायाने दाबून ठेवला.

बायकांना आता आवरणं कठीण. त्यानेच केल्या कैऱ्या, त्यानेच केली म्हैस, असं एकेकीने जोडत नेलं. मैत्रीण वरून ओरडून म्हणाली:

“एकच देव बठ्ठासना व माय, मन्या सासवा दोन!”

बायका हसून हसून खाली बसल्या. आणि नेमके तेव्हाच कुंपणाशी पाळकसाहेब सायकलवरून उतरले.

त्यांनी पहिली ओळ ऐकली होती. टोपी हातात घेऊन ते उभेच राहिले. डोळे ओले. सासवांचं कडवं बहुधा त्यांच्यापर्यंत नीट पोहोचलं नव्हतं. आत येऊन त्यांनी वडिलांचे दोन्ही हात धरले.

“मास्तर, माझ्यापाशी तुमची तक्रार आली होती हो! इथे तर सारं गाव एका देवाचं नाव घेतंय. यांच्यापैकी किती जणी बाप्तिस्म्याला तयार आहेत?”

वडील गप्प राहिले असते तर त्या दिवशी ते धुळ्यापर्यंत मोठे झाले असते. त्यांचे कान लाल झाले.

“एकही नाही, साहेब. त्या झोक्यासाठी आल्या आहेत.”

पाळकसाहेबांनी अक्काकडे पाहिलं. “पण आजी, तुम्ही तर एकच देव म्हणत होता?”

“आठे एकच,” अक्का म्हणाली. “घर गयावर आमना आमना.”

म्हणजे इथे एकच, घरी गेल्यावर ज्याचा त्याचा. मैत्रिणीने दोर घट्ट धरला. आता हा मनुष्य दोर सोडायला सांगणार, हे तिला कळलं होतं आणि मलाही. तेव्हा आई हात पदराला पुसत म्हणाली, “साहेब, दुसऱ्याचं नाव या अंगणात निघालं नाही. तेवढं मी उभी राहून ऐकलंय.”

पाळकसाहेबांनी फांदीकडे पाहिलं, वडिलांच्या लाल कानांकडे पाहिलं.

“खोटं सांगितलं असतं तर झोका उतरवायला लावला असता,” ते म्हणाले. “राहू द्या. पण ते शेवटचं कडवं मात्र काढा.” म्हणजे त्यांनी ऐकलं होतं!

मैत्रीण वरून म्हणाली, “ते कडवं काढानं व्हई ते पहिले एक सासू काढा, बाबा!”

पाळकसाहेब प्रथम खोकले, मग हसले आणि आमरसाला बसले. झोका अंधार पडेपर्यंत चालला.

पुढे मी शिक्षिकेची नोकरी करायला जळगावला गेले. एकदा आखाजीनंतर चार दिवसांनी, मैत्रीण माहेरून परतल्यावर, नशिराबादकडे तिच्या सासरी जाऊन आले. तिच्या अंगणात बाभळीला झोका अजून बांधलेला होता, आणि दोन्ही सासवा शेजारी-शेजारी उभ्या राहून झोका देत होत्या. गाणं आमचंच, त्यांच्या बोलीत वळवलेलं. सासवांचं कडवं आलं की दोघी सर्वांत मोठ्याने म्हणत.

मी मैत्रिणीला हळूच विचारलं, “यांना चालतं हे?”

“दोन्हीसले वाटस, ते दुसरीवर शे,” ती म्हणाली. “म्हनीसन तर दरवरीस मले माहेरले धाडतस. म्हनतस, जा, नवी कडवी लई ये.”

मी घरी येऊन वडिलांना हे सांगितलं. त्यांनी गंभीरपणे विचारलं, “आणि पहिली ओळ? ती तशीच आहे ना?”

“तशीच आहे,” मी म्हटलं.

“मग ठीक,” ते म्हणाले आणि बायबल उघडलं. पाय मात्र ठेका धरत होता, आणि या वेळी त्यांनी तो दाबला नाही.