बाजूला काढून ठेवलेला फोन

नजर लागणं, काळा धागा, अमावस्या... यातलं मी काहीही मानत नाही. सासूबाई दर शनिवारी दाराला लिंबू-मिरची बांधतात आणि घरातल्या मिरच्या संपल्या की मी त्यातलीच एक ओढून फोडणीला टाकते. शिवाय माझी नोकरी वीज तक्रार केंद्रातली. लाइट गेली की त्यामागे भूत नसतं, उडालेला फ्यूज असतो, हे मी दिवसभर लोकांना समजावत असते. तरीही माझ्या टेबलावर, भर दुपारी, एक गोष्ट घडली. जशी घडली तशी लिहिते आहे. कोणाला उलगडली तर मला जरूर कळवा.

आमचं सबस्टेशन नागपुरात उमरेड रोडच्या अंगाला आहे. दोन खोल्या. आतल्या खोलीत एकेका भागाची लाइन चालू-बंद करायचे मोठे स्विच आणि ते सांभाळणारे ऑपरेटर बोरकर काका. बाहेरच्या खोलीत मी आणि तक्रारींचा लँडलाइन फोन. मध्ये एक उघडी खिडकी.

मे महिन्यात त्या फोनवर बसणं काय असतं, ते बसणाऱ्यालाच ठाऊक. "लाइट कधी येणार?" हा खरं तर एकच प्रश्न. पण कोणी तो साहेबांची ओळख सांगून विचारतो, कोणी कूलर बंद पडला म्हणून माझ्या खानदानापर्यंत पोचतो. एका गृहस्थाने तर फोन रडणाऱ्या बाळाच्या तोंडाशी धरला आणि म्हणाला, "घ्या, आता तुम्हीच झोपवा याले." आणि तुम्ही लोक म्हणता ना, की हे फोन बाजूला काढून ठेवतात? ठेवतो कधीकधी. तुम्हीही ठेवाल.

या सगळ्यांत पहिला नंबर कमलाबाईंचा. वय सत्तरीच्या पुढे, आवाज खणखणीत. सकाळचा चहा झाला की त्यांचा फोन ठरलेला. "बाई, माह्या घरामागच्या खांबावर ठिणग्या उडून राहिल्या." लाइनमन जायचा तेव्हा ठिणगी नसायची. तो परत यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. खांब त्यांच्या घरामागे, दोन कंपाउंडच्या मधल्या बोळीत. रस्त्यावरून दिसतसुद्धा नाही.

त्या दुपारी कमलाबाईंच्याच भागात एका रस्त्यावर तार तुटली. बोरकर काकांनी त्या भागाची लाइन बंद केली आणि ढोमणे नावाचे जुने लाइनमन आपली माणसं घेऊन जोडायला गेले. आमच्याकडची पद्धत अशी, की काम संपलं की लाइनमन काकांच्या मोबाइलवर "लाइन घे" म्हणतो आणि मगच काका स्विच टाकतात. तोवर इकडे माझा फोन पेटलेला. एक ठेवला की दुसरा. शेवटी काका खिडकीतून वैतागून म्हणाले, "वैशाली, तो फोन काढून ठेव वं थोडा वेळ. ढोमण्याचा आवाज ऐकू नाही येऊन राहिला मले."

मी रिसीव्हर काढून टेबलावर आडवा ठेवला. थोडा वेळ तो टूं-टूं करत राहिला, मग गप्प झाला. लँडलाइन वापरलेल्यांना माहीत असेल, त्यानंतर त्यात काही म्हणजे काही येत नाही. बाहेरून फोन केला तर एंगेज लागतो.

तेवढ्यात ढोमणेंचा फोन आला. काका म्हणाले, "झालं काय? सगळे खाली? बरं, घेतो लाइन." मला सुटल्यासारखं झालं. आता दहा मिनिटं तरी कोणी शिव्या देणार नव्हतं.

आणि टेबलावरच्या रिसीव्हरमधून कमलाबाईंचा आवाज आला.

"बाई, लाइन नोको चालू करू. मागच्या खांबावर पोरगा चढून आहे."

स्पष्ट. रोजच्यासारखा खणखणीत, फक्त जरा घाबरलेला. मी रिसीव्हर कानाला लावला. आत काहीच नव्हतं. पण मी तोवर ओरडले होते, "काका, थांबा!"

काकांचा हात स्विचवर होता. "काहून?"

"कमलाबाईंच्या मागच्या खांबावर माणूस आहे."

"कोन सांगते?"

"कमलाबाईच. फोनवर."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा टेबलावरच्या फोनकडे. "तो तं तू काढून ठेवला ना वं," ते म्हणाले.

मी नुसती म्हणत राहिले, काका, एकदा विचारून घ्या, माझ्यासाठी घ्या. ते चिडले होते. वरून साहेबांचे फोन सुरू झाले होते आणि लोक उन्हात शिजत होते. तरी त्यांनी ढोमणेंना फोन लावला. ढोमणे म्हणाले, "माह्यावाले सगळे खाली आहेत गा. राकेश तेवढा जेवाले गेला."

राकेश म्हणजे आमचा सगळ्यात तरणा लाइनमन, नुकतंच लग्न झालेला. काकांनी त्याला फोन लावला. रिंग गेली, उचलला नाही. पुन्हा लावला. मग काकांनी स्विचवरचा हात काढला आणि ढोमणेंना म्हणाले, "गाडी काढ अन् त्या बुढीच्या घरामागं पाहून ये. मी थांबतो."

ती मिनिटं मी कशी काढली ते सांगू शकत नाही. आपण भलतंच ऐकलं असेल तर काकांना मेमो आणि माझं आयुष्यभराचं हसं. आणि खरं असेल तर... तो विचार मी पुढे नेतच नव्हते.

ढोमणेंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "लाइन नोको घेऊ. राकेश वर आहे. हातात तार आहे त्याच्या."

काका मटकन खुर्चीत बसले. मी रडले, आणि मला त्याची काही लाज वाटत नाही.

झालं होतं ते आमच्याच लोकांना सुचावं असं. एका कामासाठी लाइन बंद असली की आयत्या बंदात जवळचं दुसरं काम उरकून घ्यायचं, ही लाइनमन लोकांची सवय. नियमात बसत नाही, पण करतात. राकेश जेवायला निघाला, वाटेत त्याला कमलाबाईंचा खांब आठवला. "म्हटलं लाइन बंदच आहे, आजीचं रोजचं गाऱ्हानं मिटवून टाकू," तो म्हणाला. मोबाइल गाडीच्या डिकीत. सांगितलं कोणालाच नाही.

संध्याकाळी मी कमलाबाईंना मोबाइलवर फोन केला, आभार मानायला. त्या म्हणाल्या, "कायचे आभार? मी तं कालची कुही गावाले आली, भावाच्या घरी. घराले कुलूप आहे."

दुपारी तुम्ही मला फोन नाही केला? असं मी दोनदा विचारलं.

"नाही वं. जेवून आडवी झाली होती मी." मग हसल्या. "पन झोपेत तुह्यासंगच बोलून राहिली होती. तू फोन उचलून नव्हती राहिली, मंग मी जोरात ओरडली. भावजयनं हलवून उठवलं मले." काय ओरडलात, ते त्यांना आठवत नव्हतं.

टेलिफोनवाला म्हणाला, क्रॉस कनेक्शन असेल. नवरा म्हणतो, रोज ऐकून ऐकून त्यांचा आवाज तुझ्या डोक्यात बसलाय. बसला असेल. पण राकेश त्या क्षणी त्या खांबावर आहे हे माझ्या डोक्याला कोणी सांगितलं? बोरकर काका म्हणतात, त्यांनाही काहीतरी पुटपुट ऐकू आली होती, शब्द कळले नाहीत.

पुढच्या आठवड्यात राकेशने रीतसर परवानगी काढून तो खांब दुरुस्त केला. कमलाबाईंनी त्याला घरात बसवून वडाभात खाऊ घातला, आणि दुसऱ्याच सकाळी मला फोन करून गल्लीतल्या दिव्याची नवी तक्रार दिली. मी ती नोंदवली.

त्या दुपारी माझ्याशी कोण बोललं, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. राकेश आहे. तेवढं मला पुरतं.